आत्या, द. सा. द. शे. सव्वानऊ

माणूस गेल्यावर त्याचं पुढं काय होतं, याविषयी गरुडपुराणात बरीच भीतिदायक माहिती दिलेली आहे. आमच्या घराण्यात मात्र माणूस गेल्यावर त्याची समिती होते. निदान आत्याची तरी झाली.

एरवी आपल्याकडं इतकं होत नाही. मराठी मध्यमवर्गीय माणसाला गेलेल्याची आठवण एखाद्या टणक वस्तूवर कोरून ठेवल्याशिवाय चैन पडत नाही, एवढंच. मग बागेतलं बाकडं होतं, स्टँडवरची पाणपोई होते, वाचनालयातलं कपाट होतं. आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात एक पंखा आहे. त्याच्या तीन पात्यांवर एका सद्‌गृहस्थांचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं वाटून लिहिलंय. पंखा बंद असला की ते गृहस्थ वाचता येतात. चालू केला की त्यांचं एक राखाडी वर्तुळ होतं. उन्हाळ्यात भाविकांना गारवा हवा की सद्‌गृहस्थांची स्मृती, हे एकदा ठरवावं लागतं. भाविक नेहमी गारवाच निवडतात.

आत्याचं पंख्यावर भागण्यासारखं नव्हतं, कारण तिनं पैसे ठेवले होते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नगरपालिकेच्या मराठी शाळेत ३४ वर्षं शिक्षिका. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे घरात कुणी विचारलं नाही, कारण विचारायला येणाऱ्याला ती आधी पाढे विचारी. आवाज असा, की तिसरीच्या वर्गात 'गप्प बसा' म्हणाली तर समोरच्या पिठाच्या गिरणीत शांतता पसरायची. १९९२ साली निवृत्त झाली आणि मग दर महिन्याच्या एक तारखेला पेन्शन काढायला बँकेत यायची. पुढं मी त्याच बँकेत चिकटल्यावर माझ्या खिडकीशी यायची. स्लिप स्वतः भरायची, अक्षरी रक्कम शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे लिहायची आणि जाताना नोटीसबोर्डावरच्या 'सुचना'चा उकार पेनानं दीर्घ करून जायची. आमच्या तीन मॅनेजरांनी तो ऱ्हस्व केला. आत्यानं तिन्ही वेळा दीर्घ केला. चौथ्यानं बोर्डच बदलला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र ती पेन्शनशिवाय आणखी हजार-बाराशे काढी. "कशाला गं आत्या?" असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "तुमची बँक ठेवताना कारण विचारते का? मग काढताना कशाला विचारतोस?" बँकिंगची इतकी वर्षं परीक्षा दिल्या, पण ग्राहकाची गोपनीयता इतक्या थोडक्यात कुणी समजावून सांगितली नाही.

२०१० च्या नोव्हेंबरात ती झोपेतच गेली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चार लाखांच्या ठेवपावत्या निघाल्या आणि वहीचा एक फाडलेला कागद. त्यावर दोनच वाक्यं होती : 'माझ्या पैशाचं काहीतरी बरं करा. भांडू नका.'

पहिल्या वाक्याचा अर्थ लावण्याच्या भरात दुसरं वाक्य मागं पडलं.

आमचा एक चुलतभाऊ वकील आहे. त्याला घरात सगळे वकीलदादा म्हणतात, कारण त्याच्या अशिलांपेक्षा घरातलेच लोक त्याचा सल्ला जास्त घेतात, फी नसते. तो म्हणाला, कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या नाहीत, तेव्हा हे मृत्युपत्रच नव्हे. पैसे सरळ वारसांत वाटले जातील. यावर कुणी एक शब्द बोललं नाही. इथं आमच्या घराण्याविषयी एक चांगली गोष्ट नोंदवून ठेवतो, पुढं संधी मिळेलच असं नाही. त्या चार लाखांतला एक रुपयाही कुणी मागितला नाही. आमच्याकडं पैशावरून भांडणं होत नाहीत. मोठेपणावरून होतात.

चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण होऊन सगळे ओसरीवर पान खात बसले होते, तेवढ्यात शाळेसमोरचा दुकानदार एक लांबडी वही घेऊन आला. वही बघून अण्णाकाकांचा चेहरा उतरला. अण्णाकाका म्हणजे आत्याचे पाठचे भाऊ. "ताईची उधारी?" ते हळू आवाजात म्हणाले आणि खिशाकडं हात नेला. दुकानदार कानाला हात लावून म्हणाला, "नाही हो! बाईंचेच तीनशे चाळीस रुपये माझ्याकडं जमा आहेत. ते कुणाला देऊ?"

वही हिशेबाची म्हणून रीतीप्रमाणे माझ्याकडं सरकवण्यात आली. आत आत्याचं अक्षर. दरवर्षीचा जून-जुलै. 'तिसरी ब, खिडकीजवळचा – चपला, एक माप मोठ्या.' 'दुसरी, टेबलासमोरची – पाटी, दप्तर.' 'चौथी, शेवटचा बाक, सारखा हसणारा – छत्री.' 'पहिली, दोघी बहिणी – दप्तर एक. धाकटी रडली तर दोन.' नाव एकाचंही नाही. निवृत्तीनंतर तिच्या हाताखालच्या बाई वर्गावरून नजर फिरवून हे तिला कळवत आणि ती दुकानात लिहून ठेवी. दुकानदाराला ताकीद होती. पोरगं आलं की त्याला सांगायचं, "तुझ्या वडिलांनी पैसे भरून ठेवलेत." काही वडिलांनी म्हणे दुकानात येऊन, "आम्ही कधी भरले?" असं विचारलंही होतं. दुकानदार म्हणायचा, "गडबडीत विसरला असाल."

मला वाटलं, 'काहीतरी बरं' म्हणजे काय, ते कळलं. वही मिटून मी तसं बोललोही. पण तोवर ओसरीवर विषय पुढं गेला होता. प्रतिष्ठान काढायचं ठरलं होतं.

संस्था नोंदवायची तर निदान सात माणसं लागतात, असं वकीलदादानं सांगितलं. कायदा १८६० चा आहे. एखाद्या कामासाठी सात माणसं एकत्र येतील असं समजणारा हा कायदा इंग्रजांनी केला, त्या वेळी त्यांची मराठी माणसाशी पुरेशी ओळख झालेली नसावी. शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी, दरवर्षी हिशेबतपासणी आणि कार्यकारिणीत कुणी आला-गेला तर नव्वद दिवसांत बदल अर्ज. गंमत म्हणजे 'बरं' या शब्दाचा अर्थ या कायद्यात दिलेला आहे. गरिबीचं किंवा संकटाचं निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयोगाचं इतर काहीही. यातल्या 'इतर काहीही'नं आमच्या घरात पुढं अनर्थ केला.

अण्णाकाका अध्यक्ष झाले. वकीलदादा सचिव. माझे वडील उपाध्यक्ष, म्हणजे चहा आला की 'घ्या' म्हणायचं काम त्यांच्याकडं. कोषाध्यक्ष कोण, यावर चर्चाच झाली नाही. घरात एक बँकवाला असला की पत्रिका वाटण्यापासून सुट्ट्या पैशांपर्यंत सगळं त्याच्याकडं येतं. पाचव्या जागेवरून दोन काकू एकमेकींशी आठवडाभर बोलत नव्हत्या; शेवटी एक पाचवी आणि एक सहावी झाली, पण आपण पाचवी आहोत असं दोघींचंही आजतागायत म्हणणं आहे. सातवी ठाण्याची ताई. ती पुस्तकं वाचते, त्यामुळं तिच्याकडं उदाहरणं असतात.

पहिल्या सभेत तिनं टाटांचं उदाहरण काढलं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. सर दोराबजींनी १९३२ मध्ये त्यांच्या नावानं न्यास केला, तो याच आजारावरच्या संशोधनाला मदत करण्यासाठी. आणि त्याच वर्षी तेही गेले. "ज्यानं माणूस नेला, त्याच गोष्टीच्या पाठीस लागायचं. याला म्हणतात स्मारक," ताई म्हणाली. सभा गंभीर झाली. थोड्या वेळानं थोरली काकू म्हणाली, "पण वन्सं झोपेत गेल्या." मग झोपेवर संशोधन करावं काय, असा प्रश्न आला. ते काम आमच्या घरातले पुरुष दुपारी एक ते चार विनाअनुदान करतातच, असं दुसऱ्या काकूनं सांगितल्यावर ठराव बारगळला.

नंतर राजाबाई टॉवर निघाला. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले, आईचं नाव दिलं आणि १८७८ साली २८० फूट उंचीचा मनोरा पुरा झाला. त्यांच्या आईला दिसत नसे, घड्याळाच्या टोल्यांवरून तिला वेळ कळावी हा हेतू होता, असं सांगतात. अण्णाकाकांना ही कल्पना फार आवडली. नगरपालिकेच्या शाळेवर आत्याच्या नावानं घड्याळ बसवावं, असं ते म्हणाले. पण शाळेवर कौलं. घड्याळ बसवायला आधी मनोरा, मनोऱ्याला आधी पाया आणि पायाला आधी नगरपालिका हलवावी लागणार. चार लाखांत मनोऱ्याच्या तळमजल्यावरचा जिना होईल, असा अंदाज मी दिला.

शेअरमध्ये पैसे घालून आधी चाराचे आठ करावेत, असंही एका भाच्यानं सुचवलं. सुदैवानं विश्वस्तनिधी कुठं ठेवायचा, हे कायद्याच्या ३५ व्या कलमात लिहिलेलं आहे आणि भाच्याचा डीमॅट खातेक्रमांक त्यात नाही. रक्कम बँकेत ठेव म्हणून गेली. कायम निधी चार लाख, व्याज द. सा. द. शे. सव्वानऊ, वर्षाचं उत्पन्न ३७,०००. आत्या शाळेत हीच उदाहरणं घालायची : मुद्दल अमुक, दर अमुक, तर व्याज किती? आता ती स्वतःच मुद्दल झाली होती आणि गणित मला घातलं होतं.

२०१२ च्या जुलैत पहिला 'स्मृतिसोहळा' झाला. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि 'आजचे शिक्षण : एक आव्हान' या विषयावर बाहेरगावच्या वक्त्यांचं भाषण. वक्ते दीड तास बोलले. आव्हान तेच होतं हे आम्हाला नंतर कळलं. त्यांना आत्याचं नाव आठवत नव्हतं म्हणून ते दर वेळी मागं वळून फलक बघत होते. फलकावर फुलांची माळ सरकल्यावर त्यांनी 'त्या थोर विभूती' असं म्हणून वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी मी हिशेब वाचला. हॉल सहा हजार. वक्त्यांचा प्रवास आणि मानधन साडेसात. शाली, श्रीफळं, स्मृतिचिन्हं मिळून ९,८००. पत्रिका, चहा-उपमा, लाऊडस्पीकर, फोटो धरून सगळं ३४,२००. पाच विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाचशेप्रमाणे २,५००. शिल्लक ३००. "म्हणजे मुलांना दिले त्यापेक्षा उपम्याला जास्त गेले," मी म्हटलं आणि आत्याची वही पुढं ठेवली. या ३७,००० मध्ये शाळेतल्या किती पोरांच्या पायांत चपला आल्या असत्या, तेही सांगितलं.

अण्णाकाका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला वही दिसते रे. मला ती दिसते. पहिला पगार झाला तेव्हा तिनं मला बूट घेतले. मी नववीत होतो. तिच्या पायांत काय होतं, ते मी बघितलंसुद्धा नाही. ३४ वर्षांत तिला कुणी एक शाल घातली नाही. पुरस्काराचा अर्ज भर म्हणून मी सांगितलं, तर म्हणाली, मी चांगली आहे असं मीच लिहू? आता मी तिचं नाव माइकवरून घेतो, पाचशे माणसं ऐकतात. त्याला पैसे लागतात. लागू देत."

यावर हिशेबाच्या वहीत उत्तर नव्हतं. मी तीनशे रुपये शिल्लक पुढं ओढले.

तडजोड म्हणून पुढच्या वर्षापासून व्याजातले दहा हजार 'शालेय साहित्य' या सदरात बाजूला निघू लागले. ते आत्याच्या पद्धतीनं खर्च करायचे, असं मी ठरवलं. मुख्याध्यापिका आत्याच्याच विद्यार्थिनी निघाल्या. यादी त्यांनी बरोबर त्याच नमुन्यात पाठवली. ती बघून आमचे ऑडिटर चष्मा काढून म्हणाले, "लाभार्थ्याचं नाव?"

"खिडकीजवळचा."

"पूर्ण नाव?"

"तिसरी ब, खिडकीजवळचा."

"आणि हा 'सारखा खोकणारा' कोण?"

त्यांचंही चुकत नव्हतं. सार्वजनिक पैसा म्हटला की नाव लागतं, सही लागते, शक्य तर वस्तू हातात धरून काढलेला फोटो लागतो. आत्याला हे करावं लागलं नाही, कारण ती नोंदणीकृत नव्हती. शेवटी तोड निघाली. दुकानाचं बिल प्रतिष्ठानच्या नावावर, 'रबरी चपला २३ जोड, छत्र्या ११', माल शाळेला पोचल्याची पावती, त्यावर शाळेचा शिक्का. "माल आहे, शिक्का आहे," ऑडिटर म्हणाले, "खिडकीशी मला काय करायचंय?" आणि दुकानदार पोरांना पूर्वीसारखंच सांगू लागला, "तुझ्या वडिलांनी पैसे भरलेत."

अण्णाकाकांना हे पसंत नव्हतं. नाव नाही, फोटो नाही, मग लोकांना कळणार कसं? म्हणून २०१४ साली त्यांनी आग्रहानं पाचशे वह्या छापून घेतल्या. मुखपृष्ठावर आत्याचा फोटो, खाली 'यांच्या स्मरणार्थ'. ऑगस्टमध्ये ते स्वतः शाळेत वह्या बघायला गेले, मीही बरोबर होतो. तिसरीच्या वर्गात जवळजवळ सगळ्या आत्यांना मिशा आल्या होत्या. काहींच्या झुबकेदार, काहींच्या तलवारकट. एकीला मुकुट. चष्मा मूळचाच होता, तरी एकानं त्यावर दुसरा काढला होता. अण्णाकाका लाल झाले. वही उलटसुलट करताना एका वहीवर ते थांबले. तिथं आत्याच्या तोंडातून फुगा काढला होता आणि त्यात लिहिलं होतं, 'गप्प बसा!'

आत्या गेली तेव्हा तो पोरगा चार वर्षांचा असेल. त्यानं तिला बघितलंसुद्धा नव्हतं. "हे मात्र बरोबर आहे," अण्णाकाका म्हणाले. खिशातून पेन काढून त्यांनी 'बसा'च्या पुढं आणखी एक उद्गारचिन्ह घातलं आणि वही परत दिली.

सभा जे करू शकली नाही, ते रिझर्व्ह बँकेनं केलं. २०११ च्या ऑक्टोबरात रेपो दर साडेआठ टक्के होता. २०२० च्या मे महिन्यात तो चारवर आला आणि आमच्या आत्याची स्मृती निम्म्याच्या जवळ गेली. ठेवीचं नूतनीकरण झालं ते ५.४ टक्क्यांनी : वर्षाला २१,६००. त्यात करोना, सभाबंदी. हॉल गेला, वक्ते गेले, शाली गेल्या, वह्यांवरचा फोटोही गेला. शाळाच बंद, तेव्हा खिडकीजवळ कुणीच नव्हतं. मुख्याध्यापिकांनी त्या वर्षी वेगळीच यादी पाठवली : 'चौथी, दोघा भावांत एक फोन – रिचार्ज.' 'दुसरी, शेजारच्यांच्या फोनवर – शेजारच्यांना रिचार्ज.' त्या एका वर्षी प्रतिष्ठानचा सगळा पैसा पोरांवर गेला आणि ऑडिटरनं एकही शंका काढली नाही.

तेव्हापासून मी रेपो दराकडं डोळे लावून बसतो. व्याज उतरलं की घराघरांतले पेन्शनर आमच्या खिडकीशी येऊन हळहळतात. मीही कर्तव्य म्हणून हळहळतो. २०२३ च्या फेब्रुवारीत दर साडेसहावर गेला तेव्हा अण्णाकाकांनी शालींचे भाव विचारायला सुरुवात केली होती, हॉलवाल्याला फोनही केला होता. २०२५ मध्ये तो पुन्हा उतरायला लागला आणि जूनमध्ये साडेपाचावर आला. मी त्या दिवशी बँकेत पेढे नेले. कशाचे, हे मॅनेजरनं विचारलं. ग्राहकाची गोपनीयता आहे, असं मी सांगितलं.

अण्णाकाका आता ऐंशी उलटून गेलेत. फोनवर विचारतात, "ताईचं व्याज जमा झालं का रे?" झालं म्हटलं की यादी वाचून दाखवायला सांगतात. गेल्या जूनची वाचली. 'चौथी, दारापाशी बसणारी – छत्री. मोठी घ्या, धाकटा भाऊ बरोबर असतो.'

"किती मोठी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, लिहिलेलं नाही.

"मग दोघं मावतील अशी घे. आणि दुकानदाराला सांग, उघडून बघ म्हणावं आधी."